करार संपवून जाणं आणि करार मोडून जाणं

१ ऑगस्ट उजाडला की सायकलिंगच्या बातम्यांना पूर येतो. अमुक रायडर तमुक टीममध्ये, पुढच्या मोसमापासून, तीन वर्षांसाठी. मजकुराचा साचा एकच, मॅनेजरची ‘आम्हाला खूप आनंद होतोय’ही तीच, आणि आपण सगळ्यांना सरसकट ट्रान्सफर म्हणून मोकळे होतो. पण या एकाच ढिगात दोन निराळे व्यवहार असतात. एकात रायडरचा करार संपत आलेला असतो, तो दुसरीकडे सही करतो आणि जुन्या टीमला एक दमडी मिळत नाही. दुसऱ्यात करार शिल्लक असतो आणि तो मुदतीआधी सोडवून घ्यावा लागतो. तिथे पैसे, वकील, रुसवेफुगवे सगळं आलं.

घोळ होतो तो बहुतेक फुटबॉलमुळे. २०१७ मध्ये नेमार बार्सिलोनातून पॅरिसला गेला, तेव्हा २२.२ कोटी युरो मोजले गेले आणि ते बार्सिलोनाच्या तिजोरीत गेले. खेळाडूचा पगार त्याहून वेगळा. तिथे खेळाडू ही क्लबची मालमत्ता असल्यासारखाच हिशेब चालतो. आपल्याकडे आयपीएलने आणखी तिसरीच सवय लावली आहे. लखनौने २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लावली, ती रक्कम म्हणजे त्याचा मोसमाचा पगार. दिल्लीला त्यातलं काही मिळालं नाही. त्यामुळे बेल्जियन रायडर रेम्को एवेनेपूल नव्या टीमकडे ‘कितीला गेला’ असा प्रश्न आला की आधी विचारावं लागतं, कितीला म्हणजे कोणाला मिळालेले?

आधी साधा प्रकार घेऊ. व्यावसायिक रोड सायकलिंगमध्ये करार कॅलेंडर वर्षाला बांधलेले असतात, शेवट नेहमी ३१ डिसेंबरला. ज्याचा करार त्या वर्षी संपतोय, त्याची नव्या टीमशी झालेली सही १ ऑगस्टच्या आधी जाहीर करता येत नाही, असा यूसीआयचा, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेचा, नियम आहे. बोलणी अर्थातच आधीपासून चालू असतात. टूर द फ्रान्सच्या विश्रांतीच्या दिवशी हॉटेलांच्या लॉबीत एजंट कशाला घुटमळतात, हे तिथल्या वेटरलाही ठाऊक असतं. पण कागदावर १ ऑगस्ट. असलेल्या टीमशीच करार वाढवायचा असेल तर मात्र ही तारीख आड येत नाही. एखादी बातमी मार्चमध्ये आली तर ती जवळजवळ नक्की मुदतवाढीची.

ऑगस्टमध्ये घोषणा होते आणि रायडर मोसम संपेपर्यंत जुन्याच जर्सीत शर्यती काढतो. जाणार हे सगळ्यांना माहीत, तरी त्याच बसमध्ये बसायचं, त्याच लीडरला पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या. डिसेंबरमध्ये गंमत आणखी वाढते. स्पेनच्या किनाऱ्यावर, काल्पे-डेनियाच्या बाजूला, बहुतेक मोठ्या टीमचे सराव कॅम्प लागतात. नवे रायडर तिथे हजर असतात, पण जुना करार ३१ डिसेंबरपर्यंत असल्यामुळे कोणी जुन्याच कपड्यांत, तर कोणी बिनानावाच्या साध्या किटमध्ये दिसतो. मग १ जानेवारीला सकाळी सकाळी नव्या जर्सीतले फोटो धडाधड पडू लागतात.

या प्रकारात जुन्या टीमचा हक्क काहीच उरत नाही. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरू चालू पडतो, आणि घरमालक त्याच्या नव्या घरमालकाकडे ‘मी याला इतकी वर्षं सांभाळला’ म्हणून पैसे मागायला जात नाही, तसंच. फुटबॉलमध्येही करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागता येत नाहीत. त्यासाठी बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूला युरोपीय न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि १९९५ मध्ये निकाल लागला. फरक असा की फुटबॉल क्लब करार तिथवर जाऊच देत नाहीत, एक-दोन वर्षं उरलेली असतानाच खेळाडू विकून टाकतात. सायकलिंगमध्ये करार शेवटापर्यंत जाऊ देणं हीच रीत होती.

का? कारण सायकलिंग टीमकडे विकण्यासारखं फारसं काही नसतं. स्टेडियम नाही, तिकीट नाही, टीव्हीच्या हक्कांच्या पैशात वाटा जवळपास नाही. ते पैसे शर्यत भरवणाऱ्यांकडे जातात. टीम जगते प्रायोजकावर. प्रायोजक दोन-तीन वर्षांसाठी येतो, त्याच्या नावाने टीमचं नाव ठरतं, आणि तो गेला की नावही जातं. ज्याला स्वतःच दोन वर्षांनंतरची खात्री नाही तो रायडरला पाच वर्षांचा करार कशाच्या जोरावर देणार? म्हणून करार छोटे, म्हणून संपलेले करार जास्त, म्हणून फुकटात जाणारे रायडर जास्त.

आता दुसरा प्रकार. करार चालू आहे आणि रायडरला जायचंय. यासाठी तीन पक्षांची लेखी संमती लागते: रायडर, सध्याची टीम, नवी टीम. वर यूसीआयची मंजुरी. जुन्या टीमने नाही म्हटलं की तिथेच गाडी अडते, निदान नियमाप्रमाणे. संमतीची किंमत मात्र असते, आणि ती क्वचितच जाहीर होते. वर्तमानपत्रांत येणारे आकडे बहुतेक वेळा एजंटांच्या कुजबुजीतून आलेले असतात. मी ते फार मनावर घेत नाही.

हे आजचं नाही. २००९ च्या टूरमध्ये ब्रॅडली विगिन्स चौथा आला (आर्मस्ट्राँगचा निकाल रद्द झाल्यावर तिसरा), तेव्हा तो गार्मिनकडे होता आणि करार २०१० अखेरपर्यंतचा होता. नव्याने उभ्या राहणाऱ्या ब्रिटिश टीम स्कायला ब्रिटिश चेहरा हवाच होता. काही महिने गार्मिनचे जोनाथन वॉटर्स हटून बसले, अखेर डिसेंबरमध्ये तडजोड झाली. विगिन्सने २०१२ ची टूर स्कायच्या जर्सीत जिंकली. त्या काळात हे प्रकरण अपवाद म्हणून गाजलं. आता दरवर्षी हिवाळ्यात असं एखादं तरी असतंच.

वाउट वान आर्टचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण त्यात तीन पक्षांचं जमलंच नाही. २०१८ मध्ये तो सायक्लोक्रॉसचा, म्हणजे चिखल-अडथळ्यांतल्या सायकल शर्यतीचा, सलग तीन वेळचा विश्वविजेता होता आणि वेरांडास विलेम्स-क्रेलान या छोट्या बेल्जियन टीमकडे त्याचा २०१९ अखेरपर्यंत करार होता. पुढच्या टप्प्यासाठी डच टीमशी, म्हणजे आजच्या विस्माशी, त्याचं ठरलेलंही होतं. एक वर्ष थांबला असता तर तो पहिल्या प्रकारात गेला असता आणि कोणाला काही बोलायला जागा उरली नसती. पण आपली टीम दुसऱ्या टीममध्ये विलीन होणार हे कळलं, मॅनेजर निक नायन्सशी बिनसलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने करार एकतर्फी मोडला. १ मार्च २०१९ ला तो डच टीममध्ये दाखल झाला. प्रकरण बेल्जियमच्या कामगार न्यायालयात गेलं. २०२० मध्ये अपिलाच्या निकालात त्याला जुन्या टीमच्या कंपनीला ६ लाख ६२ हजार युरो द्यायला सांगितलं गेलं.

पैसे कोणी द्यायचे ते पाहा. नवीन टीमने नव्हे, रायडरने. कारण न्यायालयासमोर तो बाजारात विकायला ठेवलेला खेळाडू नव्हता, मुदतीआधी नोकरी सोडणारा कर्मचारी होता. फुटबॉलमधली ट्रान्सफर फी आणि ही भरपाई दिसायला सारखीच, एका टीमच्या खात्यात जमा होणारी रक्कम. मुळात मात्र पहिली विक्री आहे आणि दुसरी करारभंगाचा दंड. सामोपचाराने मुदतीआधी सोडवणूक झाली तर ती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

डिसेंबर २०२३ मध्ये याचाच फार्स झाला. त्या वेळच्या युम्बो-विस्माने जाहीर केलं की चढावर तरबेज असा तरुण बेल्जियन रायडर सियान आउटडेब्रुक्स आमच्याकडे आला, चार वर्षांसाठी. बोरा-हान्सग्रोहेने लगोलग पत्रक काढलं की त्याचा आमच्याशी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत करार आहे आणि तो वैध आहे. रायडरच्या बाजूचं म्हणणं, करार आम्ही आधीच संपवलाय. म्हणजे एक रायडर एकाच वेळी दोन टीमचा. महिन्याभरात तडजोड होऊन तो विस्मात गेला. पण मधल्या काळात चाहत्यांनी ‘साइन केलं’ आणि ‘बदली झाली’ हे शब्द इतके गरगरा फिरवले की कोण काय म्हणतंय ते कळेना. सही झाली होती. बदली झाली नव्हती.

आता मला जे म्हणायचंय ते. ऐकायला पहिला प्रकार सभ्य आणि दुसरा बेइमानीचा वाटतो. दिलेला शब्द पाळला, पूर्ण मुदत काढली, हात जोडून निघाला, यात वावगं काय? जुन्या टीमच्या हिशेबाने पाहिलं तर नेमकं उलटं आहे. मुदत पुरी करून जाणारा रायडर टीमला रिकाम्या हाताने सोडून जातो. मुदतीआधी जाणारा निदान काहीतरी ठेवून जातो. तुम्ही अठरा वर्षांचा पोरगा उचलला, त्याला कोच, बाइक, विंड टनेल, पडल्यावर महिनोन्‌महिने पगार, सगळं दिलं, आणि तो घडला की मोठ्या बजेटची टीम त्याला करार संपायच्या दिवशी घेऊन जाते. छोट्या टीमचं दुखणं हे आहे.

रेम्को एवेनेपूल सूडाल क्विक-स्टेपमध्ये २०१९ साली, विशीच्याही आत असताना आला. विश्वविजेता तिथेच झाला, २०२२ ची वुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत, तिथेच जिंकला, पॅरिस ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं त्याच काळातली. करार २०२६ अखेरपर्यंत. कित्येक वर्षं अफवा उठायची आणि मॅनेजर पॅट्रिक लेफेव्हर करार आहे म्हणून ती झटकून टाकायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं की तो २०२६ पासून रेड बुल-बोरा-हान्सग्रोहेकडे जाणार, एक वर्ष आधी. अनेकांनी क्विक-स्टेपने हार मानली असं लिहिलं. मला तो व्यवहारी निर्णय वाटतो. जाणार हे नक्की असेल तर वर्ष उरलेलं असताना सोडलेलं बरं, वर्षानंतर तो फुकटच गेला असता. घोषणेनंतरही तो जुन्याच जर्सीत ऑक्टोबरच्या लोंबार्डियात, म्हणजे इटलीतल्या एकदिवसीय शर्यतीत, दुसरा आला, हे जाता जाता.

हेच गणित लांबलचक करारांमागेही आहे. स्पॅनिश रायडर हुआन आयुसोचा यूएई टीमशी करार २०२८ पर्यंत होता. २०२५ च्या वुएल्टात शर्यत चालू असतानाच टीमने तो वर्षअखेरीस संपत असल्याचं जाहीर केलं, आणि तो लिडल-ट्रेककडे गेला. टूर विजेत्या तादेई पोगाचरचा यूएईशी २०३० पर्यंत आहे. इतकी वर्षं म्हणजे केवळ प्रेम नव्हे. उद्या कोणी मागायला आलंच तर किंमत सांगता यावी म्हणूनही ती वर्षं लिहिलेली असतात. फुटबॉलची रीत अशी मागच्या दाराने सायकलिंगमध्ये शिरते आहे. त्याचा फायदा छोट्या टीमना होईल की पैसेवाल्या चार टीमनाच, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

दरवेळी पैसेच मोजले जातात असंही नाही. टॉम पिडकॉकचा इनिऑसशी २०२७ पर्यंत करार होता. २०२४ च्या लोंबार्डियाच्या आदल्या दिवशी त्याला संघातून वगळलं, ते त्याने स्वतःच सोशल मीडियावर सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये दोघांनी परस्पर संमतीने करार संपवला. तो क्यू३६.५ या दुसऱ्या श्रेणीच्या टीममध्ये गेला. महागडा पगार डोक्यावरून उतरतोय म्हणून जुनी टीमही हुश्श करते, अशीही एक जात असते.

आणि एक प्रकार दोन्हींत बसत नाही: करार आहे, टीमच नाही. २०२१ मध्ये फ्रान्सची डेल्को टीम पगार थकवून कोसळत होती तेव्हा इरिट्रियाचा बिनियाम गिरमाय मोसमाच्या मधेच, ऑगस्टमध्ये, इंटरमार्शेकडे गेला. पुढच्याच वसंतात त्याने बेल्जियममधली गेंट-वेवेलगेम शर्यत जिंकली, २०२४ च्या टूरमध्ये तीन टप्पे आणि गुणांच्या स्पर्धेची हिरवी जर्सी. मार्क कॅव्हेंडिश २०२२ च्या अखेरीस बी अँड बी हॉटेल्समध्ये जाणार होता. ती टीम डिसेंबरमध्ये प्रायोजक न मिळाल्याने बंदच पडली, आणि त्याला जानेवारीत अस्तानाने घेतलं. टूरमधला विक्रमी ३५ वा टप्पा त्याने २०२४ मध्ये त्याच जर्सीत जिंकला.

पुण्याच्या ग्रँड टूर या शर्यतीमुळे आपल्याकडे कॉन्टिनेंटल, म्हणजे तिसऱ्या श्रेणीच्या, टीम बघायला मिळाल्या. त्यांच्याबाबतीत हे सगळं ताणून लावू नये. त्या स्तरावर यूसीआयचा किमान पगाराचा नियमच नाही, करार बऱ्याचदा वर्षाचा, आणि मुदतीआधी सोडवायला पैसे मोजणारं कोणी नसतं.

बातमी वाचताना दोन तारखा शोधा. नवा करार कधीपर्यंत, हे सगळे ठळक छापतात. जुना कधी संपत होता, हे खाली कुठेतरी एका ओळीत असतं, नाहीतर नसतंच. तो चालू वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपत असेल तर नुसती सही. त्यापुढचं वर्ष दिसलं, तर तिसऱ्या पक्षाचं पत्रक शोधा, जुन्या टीमचं. त्यात ‘परस्पर संमतीने’ असेल तर व्यवहार उरकलाय. ‘करार वैध आहे’ असेल तर अजून कोणीही कुठे गेलेलं नाही.