चुकणाऱ्याचं व्याकरण

संत ऑगस्टिनने इ.स. ४०० च्या आसपास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’मध्ये आपल्या दोन भाषांची हकिगत सांगितली आहे. लॅटिन तो दायांच्या लाडात, हसण्याखेळण्यात शिकला. ग्रीक शाळेत शिकावी लागली, तिथे धमक्या होत्या आणि शिक्षाही होती, त्यामुळे होमरसारखा गोष्टीवेल्हाळ कवीसुद्धा त्याला कडू लागला. भाषा शिकताना धाकापेक्षा मोकळी उत्सुकता जास्त कामी येते, असं तो यावरून म्हणतो. गंमत म्हणजे तिथल्या तिथेच तो शाळेतल्या शिस्तीचंही समर्थन करतो. पहिली भाषा लाडाने आणि दुसरी धाकाने, ही विभागणी पुढे दीड हजार वर्षं टिकली. पहिल्या भाषेत चुकलं की कौतुक, दुसऱ्या भाषेत चुकलं की मार.

मार हा शब्द इथे अलंकारिक नाही. फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथेड्रलच्या पश्चिम दारावर बाराव्या शतकातली शिल्पं आहेत. त्यांत व्याकरण ही एक बाई आहे, तिच्या हातात छडी आणि पायाशी दोन पोरं. त्या काळापर्यंत लॅटिन कुणाचीच मायबोली उरली नव्हती. जिवंत भाषेत काय बरोबर आणि काय चूक, हे शेवटी बोलणारी माणसंच ठरवतात. ती माणसंच नसतील तर निवाडा पुस्तकाकडे जातो, आणि पुस्तक तडजोड करत नाही. चुकीला एवढं वजन आलं, त्याचं मूळ मला यात दिसतं.

सतराव्या शतकात मोरेव्हियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने वेगळी वाट शोधली. १६५८ साली न्युरेंबर्गमध्ये छापलेल्या त्याच्या ‘ऑर्बिस पिक्टस’मध्ये आधी चित्र होतं, चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले होते आणि शेजारी लॅटिन व जर्मन मजकूर होता. आधी वस्तू, मग शब्द, नियम त्यानंतर. पुस्तक खूप खपलं, पण शाळा फारशी बदलली नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच, जर्मन, इंग्रजी या चालत्याबोलत्या भाषा अभ्यासक्रमात आल्या, तेव्हा त्यांना लॅटिनइतकी प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्या लॅटिनसारख्याच शिकवल्या गेल्या. नियम पाठ करा, त्या नियमासाठी बेतलेली वाक्यं भाषांतरित करा, गुरुजी लाल शाईने खुणा करतील.

या पद्धतीचा सर्वांत प्रामाणिक बळी म्हणजे फ्रेंच शिक्षक फ्रांस्वा ग्वँ. जर्मन शिकायला तो हॅम्बुर्गला गेला आणि लोकांशी बोलायचं सोडून खोलीत बसून त्याने व्याकरणाचं पुस्तक आणि २४८ अनियमित क्रियापदं पाठ केली. मग व्याख्यानाला जाऊन बसला, तर एक शब्द कळेना. मग धातू पाठ केले, तरीही तेच. शेवटी त्याने ३०,००० शब्दांचा अख्खा कोश घोकला, आणि जर्मन माणूस तोंड उघडून बोलू लागला की पाटी कोरीच. हताश होऊन घरी आला तर तीन वर्षांचा भाचा चुरूचुरू फ्रेंच बोलत होता! ग्वँने त्या पोराच्या मागे मागे राहून निरीक्षण केलं. गिरणी पाहून आल्यावर मुलाने तिथे काय काय झालं ते एकापाठोपाठ एक सांगितलं आणि खेळात पुन्हा पुन्हा केलं. १८८० च्या पुस्तकात ग्वँने मांडलेली ‘मालिका’ पद्धत यातून निघाली: एकच कृती, तिचे सगळे टप्पे, प्रत्येक टप्प्याला एक वाक्य. निष्कर्ष सगळेच टिकले नाहीत, पण दुसरी भाषा कशी शिकवावी हे ठरवायला त्याने पहिली भाषा शिकणारं मूल पाहिलं, ही गोष्ट नवी होती.

तो काळच तसा होता. जर्मनीत विल्हेल्म फीटोर याने १८८२ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका काढून भाषाशिक्षणाने दिशा बदललीच पाहिजे, अशी मागणी केली. १८८६ मध्ये पॅरिसला पॉल पासीच्या पुढाकाराने उच्चारशास्त्र मानणाऱ्या शिक्षकांची संघटना उभी राहिली. आजची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तिचीच. अमेरिकेत बर्लिट्झच्या शाळांत पहिल्या तासापासून शिकायच्या भाषेतच बोलायचं, भाषांतराला बंदी. मूल जसं शिकतं तसंच शिकवतो, असा या सगळ्यांचा दावा होता. मात्र मूल नेमकं कसं शिकतं, याची माहिती तेव्हा मूठभर टिपणांपुरती होती. डार्विनने आपल्या मुलाच्या वाढीची टिपणं १८७७ मध्ये छापली, क्लारा आणि विल्यम श्टर्न या जोडप्याचं मुलांच्या भाषेवरचं पुस्तक १९०७ मध्ये आलं. आईबाप वही घेऊन बसणार आणि लक्षात राहील ते लिहिणार, एवढंच साधन होतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर चूक पुन्हा गुन्हा ठरली, या वेळी विज्ञानाच्या नावाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला चटकन परभाषा बोलणारी माणसं हवी होती आणि १९४३ मध्ये त्यासाठी खास वर्ग निघाले. भाषा म्हणजे सवयींचा संच, या वर्तनवादी कल्पनेची जोड मिळून त्यातून ऐका-म्हणा-पुन्हा म्हणा ही पद्धत तयार झाली. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा उपग्रह स्पुटनिक आकाशात गेल्यावर अमेरिकेने पुढच्याच वर्षी कायदा करून परभाषांसाठी पैसा ओतला आणि शाळाशाळांत टेपरेकॉर्डरच्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. सवय लावायची तर चुकीची सवय लागताच कामा नये. या पद्धतीचा एक पुरस्कर्ता नेल्सन ब्रुक्स याने १९६० मध्ये चुकीची तुलना चक्क पापाशी केली. रॉबर्ट लाडोने १९५७ मध्ये सांगितलं होतं की दोन भाषा शेजारी ठेवून फरक काढला की विद्यार्थी कुठे अडखळेल ते आधीच कळेल. ऐकायला पटतं. वर्गात मात्र भाकीत केलेल्या कित्येक चुका झाल्याच नाहीत आणि ज्या झाल्या त्यांतल्या पुष्कळ यादीत नव्हत्या.

याच सुमारास मुलांकडे नीट पाहणं सुरू झालं. १९५८ मध्ये जीन बर्कोने मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव सांगितलं: ‘वग’. मग दोन पक्षी दाखवून वाक्य अर्धं सोडलं. मुलं इंग्रजी अनेकवचन करून ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्द जगात कुणी उच्चारलेलाच नव्हता, तेव्हा तो अनुकरणातून आला असं म्हणायला जागा उरली नाही. मराठी घरात याचा पडताळा फुकट मिळतो. आधी व्यवस्थित ‘केलं’ म्हणणारं मूल मध्येच ‘करलं’ म्हणू लागतं. घरातलं कुणीही ‘करलं’ म्हणत नाही. पण धरलं, भरलं यांवरून मुलाला नियम सापडलेला असतो आणि सापडलेला नियम ते सगळीकडे लावून बघतं. आजी हसते, पण खरं तर ती त्याची प्रगती असते. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पुस्तकाचं परीक्षण करताना त्याच्या वर्तनवादी मांडणीवर हल्ला चढवला. त्या वादाला पुढे जो पुरावा लागला तो अशाच चुकांतून मिळाला.

हार्वर्डच्या रॉजर ब्राउनने साठच्या दशकात तीन मुलांच्या घरी टेपरेकॉर्डर नेऊन त्यांचं आईशी चाललेलं बोलणं नोंदवलं. सहकारी कॅमिल हॅनलनबरोबर १९७० मध्ये त्याने त्यातून एक अनपेक्षित गोष्ट काढली: आईबाप व्याकरण फारसं दुरुस्त करतच नाहीत. मुलाचं म्हणणं खरं आहे की नाही, एवढंच पाहतात. वाक्य मोडकं पण माहिती खरी असेल तर ‘बरोबर!’ मिळतं. वाक्य चोख पण माहिती चुकीची, तर ‘नाही रे’.

आणि आई दुरुस्त करायला बसलीच तर काय होतं, याचं डेव्हिड मॅकनीलने १९६६ मध्ये दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलाला सांगायचं होतं की मी कुणालाच आवडत नाही. इंग्रजीत त्याने दुहेरी नकार घातला: ‘नोबडी डोन्ट लाइक मी.’ आईने बरोबर वाक्य म्हणून दाखवलं. मूल पुन्हा तेच म्हणालं. असं आठ वेळा झालं. शेवटी आई म्हणाली, नीट ऐक. त्यावर मूल उजळलं: ‘ओह! नोबडी डोन्ट लाइक्स मी.’ दुहेरी नकार जागच्या जागी, फक्त शेवटी एक ‘स’ वाढला. (पोरगं आपलं दुःख सांगतंय आणि आई व्याकरण काढून बसली आहे, याबद्दल भाषाशास्त्रात फारशी चर्चा नाही.)

हे सगळं दुसऱ्या भाषेच्या वर्गात आणलं भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डरने. १९६७ च्या छोट्याशा निबंधात त्याने जीभ घसरून होणारी चूक आणि पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने होणारी चूक वेगळी केली. दुसरी चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात आत्ता कोणता नियम चालू आहे याचा पुरावा, असं त्याचं म्हणणं. लॅरी सेलिंकरने १९७२ मध्ये या अवस्थेला ‘इंटरलँग्वेज’ म्हटलं: मायबोली नाही, शिकायची भाषाही नाही, पण स्वतःचे नियम असलेली मधली भाषा. मराठी शिकणारा प्रौढ ‘मी पुस्तक वाचलो’ म्हणतो ना, ते याच जातीचं. ‘मी बसलो’, ‘मी बोललो’ हे त्याने ऐकलेलं असतं. शिवाय ‘मी मराठी शिकलो’ बरोबर आणि ‘मी मराठी वाचलो’ चूक, हे आपण मराठी माणसं तरी कारण देऊन कुठे सांगू शकतो?

मग चुका सोडूनच द्याव्यात का? १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत चालवलेल्या बंगलोर प्रकल्पात व्याकरणाचा क्रमच काढून टाकला. नकाशे, वेळापत्रकं अशी कोडी द्यायची, मुलांनी ती इंग्रजीत सोडवायची आणि दुरुस्ती ओघात आली तर करायची. १९८२ मध्ये स्टीफन क्रॅशनने याहून टोकाची भूमिका घेतली: समजेल असं भरपूर ऐकायला-वाचायला मिळालं की भाषा येते, दुरुस्तीचा उपयोग नगण्य.

कॅनडातून आलेले निकाल मात्र याच्या आड आले. माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ पासून इंग्रजीभाषक मुलांची शाळा बालवर्गापासून फ्रेंचमधून सुरू झाली होती आणि तसे वर्ग पुढे देशभर निघाले. वर्षानुवर्षं फ्रेंचमध्ये शिकलेल्या मुलांना ऐकलेलं-वाचलेलं जवळपास फ्रेंच मुलांइतकं समजत होतं. बोलण्या-लिहिण्यात मात्र लिंग आणि क्रियापदांच्या चुका हटत नव्हत्या. मेरिल स्वेनने १९८५ मध्ये यावरून म्हटलं की नुसतं ऐकून भागत नाही, अर्थ नेमका पोचेपर्यंत स्वतः बोलावं लागतं. होनोलुलूत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा रिचर्ड श्मिटने अभ्यास केला होता. १९८३ मध्ये त्याने नोंदवलं की हा माणूस इंग्रजीत बिनधास्त गप्पा मारतो, व्यवहार करतो, पण व्याकरण होतं तिथेच अडकलेलं. पुढे १९९० मध्ये श्मिटने मांडलं की जे लक्षात येत नाही ते शिकलं जात नाही.

लक्षात आणून द्यायचं कसं, हाच मग वादाचा मुद्दा झाला. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये अशाच फ्रेंच माध्यमाच्या वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास छापला. शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा मुलाचं वाक्य सुधारून स्वतःच म्हणत, आणि मुलांचा सर्वांत कमी प्रतिसाद याच दुरुस्तीला होता. शिक्षक आपल्या म्हणण्याला दुजोरा देताहेत, असं मुलांना वाटायलाही जागा होती. ‘काय म्हणालास?’ म्हणून चेंडू परत मुलाकडे टोलवला तर ते स्वतः वाक्य सावरायचं.

लेखी दुरुस्तीवरचं भांडण जास्त कडू आहे. जॉन ट्रस्कॉटने १९९६ मध्ये वह्यांतलं व्याकरण तपासणं बंदच करा, असं लिहिलं, तेव्हा डॅना फेरिसने १९९९ मध्ये हे फार घाईचं आहे असं उत्तर दिलं. २००८ मध्ये जॉन बिचेनरने न्यूझीलंडमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांवर प्रयोग केला. त्याने सगळ्या चुका न तपासता फक्त ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचे दोन वापर तपासले. दोन महिन्यांनी घेतलेल्या चाचणीतही सुधारणा टिकलेली दिसली. दोनच वापरांवरचं हे यश सबंध वहीला कितपत लागू होतं, यावर दोन्ही बाजू अजून भांडताहेत.