स्ट्रीम प्रोसेसिंगमधील उरलेली स्टेट

डेटाफ्लो प्रणालीतला, म्हणजे नोंदींवर टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करणाऱ्या प्रणालीतला, प्रत्येक टप्पा म्हणजे ऑपरेटर. तो पुढच्या नोंदीसाठी काही माहिती स्वतःजवळ धरून ठेवू शकतो: चालू बेरीज, आधी दिसलेले आयडी, जोडीची वाट पाहणारी जॉइनची (दोन प्रवाह जोडण्याच्या क्रियेची) एक बाजू. ही त्याची स्टेट. तिची गरज संपल्यावरही ती मागे राहिली, तर तिला उरलेली स्टेट म्हणता येईल. बॅच जॉब (ठरावीक डेटावरचे एकदाचे काम) संपला की ती आपोआप जाते. न थांबणाऱ्या प्रवाहात मात्र ती कधी पुसायची हे कोड लिहितानाच ठरवावे लागते.

अपाची फ्लिंक या प्रवाह हाताळणाऱ्या प्रणालीत नोंदी ज्या मूल्याने गटांत वाटल्या जातात, त्याला की म्हणतात. वापरकर्त्याच्या सत्राचा आयडी ही की असेल, तर सत्र संपले तरी त्या कीची स्टेट तशीच राहते. नवे आयडी येत जातात आणि चेकपॉइंट, म्हणजे बिघाडातून सावरण्यासाठी ठरावीक वेळाने घेतलेली स्टेटची प्रत, फुगत जातो. यावर सोपा उपाय टीटीएल (टाइम-टू-लिव्ह), म्हणजे स्टेट किती काळ टिकावी याची मर्यादा. पण त्याची मुदत नोंदीवरच्या वेळेने नव्हे, यंत्राच्या घड्याळाने मोजली जाते. टीटीएल ४ तासांचा आणि जॉब ६ तास बंद राहिला, तर पुन्हा सुरू होताना जुनी स्टेट मुदतबाह्य ठरलेली असते. नोंदींच्या वेळेत मात्र क्षणभराचेच अंतर असू शकते. शिवाय नुसत्या वाचनाने मुदत वाढत नाही, तसे वेगळे सांगावे लागते.

नोंदींच्या वेळेनुसार पुसायचे असेल तर इव्हेंट-टाइम टायमर लावावा. नवी नोंद आली की जुना टायमर रद्द करून नवा लावायचा. हे राहून गेले तर जुना टायमर वाजतो आणि चालू सत्राचीच स्टेट पुसतो. दुसरी अडचण वॉटरमार्कची, म्हणजे ‘या वेळेपर्यंतच्या नोंदी येऊन गेल्या’ असे सांगणाऱ्या खुणेची; इव्हेंट-टाइम टायमर याच खुणेवर वाजतात. ऑपरेटर आपल्या सगळ्या इनपुटांपैकी सर्वांत मागचा वॉटरमार्क धरतो, म्हणून नोंदी पुरवणाऱ्या काफ्का या संदेश-प्रणालीचे एक पार्टिशन (प्रवाहाचा एक भाग) जरी गप्प राहिले तरी टायमर वाजत नाहीत, काहीच पुसले जात नाही. अशा स्रोताला निष्क्रिय धरण्याची मुदत नेमून द्यावी.

विंडोतला, म्हणजे प्रवाहातून पाडलेल्या नोंदींच्या एका गटातला, मजकूर फ्लिंक स्वतः काढतो, पण त्या विंडोसाठी आपण वेगळी ठेवलेली स्टेट ‘क्लिअर’ मेथडमध्ये आपणच काढायची असते. एका कीच्या सगळ्या नोंदी एकत्र धरणारी ग्लोबल विंडो तर कधी संपतच नाही.

सगळ्यांत घातक चूक सेव्हपॉइंटवरून, म्हणजे मुद्दाम साठवलेल्या स्टेटच्या प्रतीवरून, बदललेला जॉब पुन्हा सुरू करताना होते. ऑपरेटर काढून टाकला तर त्याची स्टेट अनाथ होते आणि फ्लिंक जॉब सुरू करायला नकार देतो. अनाथ स्टेट सोडून देण्याचा पर्याय आहे, पण तो स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये कायमचा ठेवू नये. ऑपरेटरांना यूआयडी (आपण नेमलेली कायमची ओळख) दिलेले नसतील, तर ग्राफमधल्या, म्हणजे ऑपरेटरांच्या जोडणीतल्या, बदलाने आपोआप बनलेले आयडी बदलतात; मग हा पर्याय चालू असल्यास वापरात असलेल्या ऑपरेटरची स्टेटही अनाथ समजून टाकली जाते आणि बेरजा मुकाट्याने शून्यापासून सुरू होतात.