पीडीजे साहेब कसे ठरतात: जिल्हा न्यायाधीशांच्या ज्येष्ठतेची पार्श्वभूमी

दर उन्हाळ्यात न्यायाधीशांच्या बदल्यांची यादी निघाली, की मराठवाड्यातल्या बाररूममध्ये पहिला प्रश्न असतो: आपल्याकडे नवे पीडीजे साहेब, म्हणजे प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, कोण? नाव कळलं की लगेच दुसरा: प्रमोशनचे (खालच्या न्यायालयांतून बढतीने आलेले) की डायरेक्ट (थेट वकिलीतून आलेले)? दुसरा प्रश्न वरवर गप्पांचा वाटतो, पण साठ-सत्तर वर्षांची कज्जेदलाली त्याच्यामागे आहे.

प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश ही वेगळ्या भरतीची जागा नाही. तिची जाहिरात निघत नाही; ज्येष्ठता यादीत वर असलेल्या जिल्हा न्यायाधीशांमधूनच ती भरली जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ नुसार राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक आणि बढती करतात. पुढच्या बदल्या अनुच्छेद २३५ खाली उच्च न्यायालयाच्या हातात. अनुच्छेद २३६ मधली ‘जिल्हा न्यायाधीश’ ही व्याख्या चांगलीच ऐसपैस आहे. अतिरिक्त, सह आणि सहायक जिल्हा न्यायाधीश, नगर दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश, लघुवाद न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, सगळे तिच्यात बसतात. मुंबईत १९४८ च्या कायद्याने नगर दिवाणी न्यायालय आलं, हैदराबादेत सिटी सिव्हिल कोर्टाला ‘चीफ जज’ असतात. मराठवाड्यात असं नगर न्यायालय नाही. इथे जिल्ह्याच्या न्यायालयातली वरची खुर्ची म्हणजे पीडीजे.

खुर्ची नुसती मानाची नाही. कोणतं प्रकरण कुणापुढे चालेल हे तिथून ठरतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली दावा एका न्यायालयातून काढून दुसऱ्याकडे देण्याचा अधिकार तिथे आहे. तालुका न्यायालयांची तपासणी, कर्मचाऱ्यांचं प्रशासन आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं अध्यक्षपदही तिथेच.

ज्येष्ठता यादीचा पहिला मोठा गुंता १ नोव्हेंबर १९५६ चा. त्या दिवशी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले. त्यांच्याबरोबर मुन्सिफ (कनिष्ठ दिवाणी) कोर्टांची निजामकालीन परंपरा आली, उर्दूतलं दफ्तर आलं, वेगळ्या पदनामांची आणि वेगळ्या वेतनश्रेणीची माणसं आली. (संभाजीनगरचा अदालत रोड अजून त्याच भाषेत बोलतो.) इकडचं कोणतं पद तिकडच्या कोणत्या पदाच्या बरोबरीचं, हे ठरल्याशिवाय एकत्र यादी होणारच नव्हती. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने हे काम केंद्राकडे दिलं. निकष चार होते: कामाचं स्वरूप, जबाबदारी व अधिकार, किमान पात्रता आणि पगार. पहिले तीन जुळले तर पगारातला फरक आड येऊ द्यायचा नाही, असं ठरलं. हैदराबादकडच्या माणसांच्या दृष्टीने हेच महत्त्वाचं होतं, कारण दोन राज्यांच्या वेतनश्रेणी मुळातच सारख्या नव्हत्या.

नंतरचं भांडण ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून मोजायची याचं. कायम केल्याची तारीख धरायची, की सलग काम सुरू झाल्याची? कायम करणं प्रशासनाच्या सवडीवर असतं. एकाला दोन वर्षांत कायम करतात, दुसरा दहा वर्षं स्थानापन्नच (कायम न होता काम करत) राहतो. महाराष्ट्रातल्याच अभियंत्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये आणि पुढे १९९० मध्ये घटनापीठाने सांगितलं, की नेमणूक नियमाप्रमाणे असेल तर ज्येष्ठता नेमणुकीपासून. तात्पुरती सोय म्हणून केलेल्या कामाचा काळ मात्र धरायचा नाही. या शेवटच्या वाक्याचा फटका बसला तो फास्ट ट्रॅक न्यायालयांत काम केलेल्यांना. ओडिशाच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या तदर्थ (तात्पुरत्या) सेवेची वर्षं ज्येष्ठतेत धरायला नकार दिला.

तिसरा टप्पा कोट्याचा. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांच्या जागा ५० टक्के नियमित बढतीने, २५ टक्के सेवेतल्याच न्यायाधीशांसाठी असलेल्या मर्यादित विभागीय परीक्षेने आणि २५ टक्के थेट वकिलांमधून भरायला सांगितल्या. विभागीय परीक्षेला पुरेसे उमेदवार मिळेनात, म्हणून २०१० मध्ये तो वाटा १० टक्क्यांवर आला आणि बढतीचा ६५ झाला. मे २०२५ मध्ये परीक्षेचा वाटा पुन्हा २५.

वाटा ठरला तरी क्रम ठरत नाही. थेट भरतीत जाहिरात, लेखी परीक्षा, मुलाखत, पडताळणी यांत वर्ष सहज जातं. तोवर बढतीचे आदेश निघून ती मंडळी यादीत वर बसलेली असतात. यावर १९ नोव्हेंबर २०२५ ला घटनापीठाने देशभरासाठी चार बिंदूंचा वार्षिक रोस्टर (यादीतल्या क्रमाचा तक्ता) दिला: दोन बढतीचे, एक विभागीय परीक्षेचा, एक थेट, आणि पुन्हा तसंच. समजा एका वर्षी बढतीचे आठ, परीक्षेचे चार आणि थेट चार असे सोळा जण आले. तर तिसरा, सातवा, अकरावा, पंधरावा क्रमांक परीक्षेवाल्यांचा. चौथा, आठवा, बारावा, सोळावा थेटवाल्यांचा. बढतीवाले आधी रुजू झाले म्हणून सलग पहिले आठ क्रमांक त्यांना मिळत नाहीत.

बढतीवाल्यांचं म्हणणं होतं, की कनिष्ठ स्तरावर घालवलेल्या वर्षांना वजन द्या. घटनापीठाने ते मानलं नाही. त्यांची अडचण मात्र कागदावर स्वच्छ दिसते. अठ्ठाविसाव्या वर्षी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश झालेला माणूस पंचेचाळीसच्या पुढे जिल्हा न्यायाधीश झाला, की साठीला निवृत्त होईपर्यंत हातात जेमतेम पंधरा वर्षं. त्याच वर्षी थेट आलेल्या सदतिशीच्या वकिलाकडे तेवीस. यादीत बढतीवाला त्याच्या वर असला, तरी तो निवृत्त झाल्यावर थेटवाल्याची आठ वर्षं उरतातच. म्हणून ज्येष्ठता यादी वाचताना जाणकार क्रमांकाआधी दोन रकान्यांवर बोट ठेवतो: नेमणुकीचा मार्ग आणि जन्मतारीख.