तेलवाहू जहाजांचे व्हेटिंग : अधिकाऱ्यांच्या अनुभवाची पडताळणी

खनिज तेल, पेट्रोलियम पदार्थ, रसायने किंवा द्रवरूप वायू वाहणारे जहाज भाड्याने घेण्यापूर्वी, किंवा ते आपल्या धक्क्याला लागू देण्यापूर्वी, तेल कंपन्या त्याच्या सुरक्षिततेची जी छाननी करतात तिला व्हेटिंग म्हणतात. जहाजाचे वय, सांगाड्याची स्थिती, आधीच्या तपासण्यांचे अहवाल आणि चालक कंपनीची कार्यपद्धती यांबरोबर जहाजावरील अधिकाऱ्यांचा अनुभवही या छाननीत पाहिला जातो. हा अनुभव वर्षांच्या आकड्यांत मांडणाऱ्या तक्त्याला ऑफिसर मॅट्रिक्स किंवा क्रू मॅट्रिक्स असे नाव आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः या तक्त्याविषयी आहे.

कायद्यातील स्थान : व्हेटिंग ही सरकारी तपासणी नव्हे. ध्वजराष्ट्राचे (जहाज ज्या देशात नोंदलेले असते त्याचे) प्रशासन, जहाजाची बांधणी व स्थिती प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्था आणि बंदरावरील सरकारी निरीक्षक यांच्या तपासण्या कायद्याने ठरलेल्या असतात. त्या सगळ्यांतून पार पडलेले जहाजही तेल कंपनी नाकारू शकते. अनुभवाच्या बाबतीत ही तफावत ठळक दिसते. दर्यावर्दींचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व वॉच (जहाजावरील पाळीचा पहारा) यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार (एसटीसीडब्ल्यू) १९७८ मध्ये झाला, १९८४ मध्ये अंमलात आला आणि १९९५ व २०१० मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. या करारानुसार ३,००० किंवा त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजाचा कप्तान होण्यासाठी वॉच सांभाळणारा अधिकारी म्हणून ३६ महिन्यांची सेवा लागते. त्यांतले १२ महिने चीफ ऑफिसर (कप्तानाच्या लगेच खालचा डेक अधिकारी) म्हणून झाले असतील तर २४ महिने पुरतात. तेलवाहू जहाजावर मालाची जबाबदारी घेणाऱ्याला प्रगत टँकर प्रमाणपत्र लागते. त्यासाठी मूलभूत प्रमाणपत्राच्या पात्रतेनंतर तेलवाहू जहाजावर किमान तीन महिने सेवा करावी लागते. त्याऐवजी किमान एक महिना जादा (नेमलेल्या संख्येबाहेरचा) अधिकारी म्हणून राहून तीनदा माल भरण्यात व तीनदा उतरवण्यात भाग घेतला तरी चालते. दोन्ही बाबतींत मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतोच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तीन महिन्यांत जो माणूस टँकरचा होतो, तो व्हेटिंगच्या तक्त्यात ०.२५ वर्षे एवढाच असतो.

व्हेटिंग ऐच्छिक असले, तरी ते केले की जबाबदारीही येते. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यालगत एरिका हे तेलवाहू जहाज मोडून बुडाले. त्या खटल्यात माल पाठवणाऱ्या टोटल कंपनीने व्हेटिंगमध्ये निष्काळजीपणा केला, असे पॅरिसच्या न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले आणि फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१२ मध्ये तिची शिक्षा कायम केली. छाननीची कागदपत्रे पुराव्यादाखल नीट जपण्याकडे तेल कंपन्यांचा जो कल दिसतो, त्यामागे या निकालाचा वाटा असावा.

उगम : अनुभव वर्षांत मोजण्याची पद्धत नेमकी कोठून आली याविषयी एकवाक्यता नाही. एक मत ती थेट मोठ्या तेलगळत्यांशी जोडते. मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हे जहाज कॉर्नवॉल व सिली बेटे यांच्यामधील सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले आणि सुमारे १,१९,००० टन तेल समुद्रात गेले. या घटनेनंतर तेल कंपन्यांचा ओसीआयएमएफ हा मंच १९७० मध्ये लंडनमध्ये स्थापन झाला. १९८९ मध्ये अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये एक्सॉन व्हाल्डिझ खडकावर चढले, आणि १९९३ मध्ये ओसीआयएमएफने तपासणी अहवालांची सामायिक व्यवस्था (सायर) सुरू केली. तेव्हापासून एका कंपनीने करवून घेतलेली तपासणी इतरांनाही वाचता येऊ लागली.

हा क्रम खरा आहे. परंतु त्यावरून अपघात अननुभवामुळे झाले आणि म्हणून अनुभव मोजायला सुरुवात झाली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. टॉरी कॅन्यनचा कप्तान नवशिका नव्हता. भरतीची वेळ गाठण्याची घाई, जवळचा मार्ग धरण्याचा निर्णय आणि सुकाणू हाताने की आपोआप चालवायचे हे ठरवणाऱ्या कळीवरून ऐन वेळी झालेला गोंधळ, अशी कारणे तेथे एकत्र आली. एक्सॉन व्हाल्डिझच्या बाबतीत अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने थर्ड मेटचा (कनिष्ठ वॉच अधिकाऱ्याचा) थकवा व कामाचा अतिरेक, कप्तानाने मद्याच्या अमलामुळे योग्य वॉच न ठेवणे आणि विश्रांती घेतलेले, पुरेसे कर्मचारी देण्यात कंपनीला आलेले अपयश, ही कारणे इतर कारणांबरोबर नोंदवली. ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) त्या वेळी असलेल्या थर्ड मेटकडे त्या जलमार्गाच्या पायलटेजची, म्हणजे तेथून जहाजाला वाट दाखवण्याची, परवानगी नव्हती, हे खरे; पण कप्तान जुनाजाणता होता. वर्षांची बेरीज या दोन्ही जहाजांना बहुधा अडवू शकली नसती.

दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. त्यानुसार हा तक्ता आजच्या स्वरूपात साधारणतः २००० नंतरच्या दशकात रुळला आणि त्यामागचे कारण मनुष्यबळाचे होते. टँकरांची संख्या वाढत होती, तर अधिकारी अपुरे पडत होते. जगभरात सुमारे १०,००० अधिकाऱ्यांची तूट असल्याचा अंदाज बिम्को ही जहाज-व्यवसायातील संघटना व जहाजमालकांचा आंतरराष्ट्रीय संघ यांच्या २००५ च्या पाहणीत होता. माणसे मिळेनाशी झाल्याने बढत्या लवकर होऊ लागल्या, अधिकारी एका कंपनीतून दुसरीत जाऊ लागले. बढती लवकर मिळाली का आणि माणूस कंपनीत टिकला का, हे दोन प्रश्न तक्त्यातील ‘पदावरील वर्षे’ व ‘कंपनीतील वर्षे’ या रकान्यांत जसेच्या तसे दिसतात. तेलगळतीच्या इतिहासापेक्षा या रकान्यांशी नोकरबाजाराचे नाते जवळचे आहे.

तक्त्याची रचना व मोजणीचा वाद : चालक कंपनी हा तक्ता ओसीआयएमएफच्या संगणकीय व्यवस्थेत भरते आणि माणसे बदलली की तो अद्ययावत करते. प्रत्येक अधिकाऱ्यापुढे पद, राष्ट्रीयत्व, सक्षमता प्रमाणपत्र व ते देणारा देश, टँकर प्रमाणपत्र, रेडिओ पात्रता आणि इंग्रजीवरील प्रभुत्व यांची नोंद असते. अनुभवाचे रकाने चार : या कंपनीत किती वर्षे, या पदावर किती, या प्रकारच्या टँकरवर किती आणि सर्व प्रकारच्या टँकरांवर मिळून किती.

आकडे दशांशात लिहितात, आणि चुका येथेच होतात. दोन वर्षे सहा महिने म्हणजे २.५, कोणी २.६ लिहिले की त्या अधिकाऱ्याचा अनुभव महिन्याभराहून अधिक वाढतो. दोन वर्षे दहा महिने हे २.१० असे लिहिले तर उलट होते, कारण खरे मूल्य २.८३ आहे. निरीक्षक जहाजावर आला की हे आकडे सीडीसीतील (दर्यावर्दीच्या सेवापुस्तिकेतील) साइन-ऑन व साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर चढल्या-उतरल्याच्या, शिक्क्यांशी ताडून पाहतो. तफावत हेतुपुरस्सर नसली तरी अहवालात नोंदली जाते, आणि ती खोडून काढणे चालक कंपनीला जड जाते.

त्याहून मोठा वाद सुट्टीचा आहे. चार महिने जहाजावर आणि चार महिने घरी असा क्रम असलेल्या अधिकाऱ्याला कंपनीत सहा वर्षे झाली, तर त्याचा समुद्रावरचा काळ तीनच वर्षांचा होतो. त्याच्या पदावरील अनुभव सहा धरायचा की तीन? कॅलेंडरने मोजणाऱ्यांचे म्हणणे असे, की सुट्टीवरचा माणूस ज्ञान विसरत नाही, शिवाय अभ्यासक्रम आणि सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण सुट्टीतच होते. समुद्रकाळ मोजणाऱ्यांचे म्हणणे असे, की हात बसतो तो कामाने. कंपनीतील वर्षांसाठी नोकरीचा सलग काळ, आणि पद व टँकर यांच्या वर्षांसाठी प्रत्यक्ष समुद्रकाळ, हा अर्थ अधिक ग्राह्य दिसतो. त्यामुळे आकडे लहान होतात, पण दोन जहाजांची तुलना करता येते.

एकत्रित अनुभवाची अट : व्हेटिंगमध्ये एकेका अधिकाऱ्यापेक्षा जोडीकडे अधिक पाहतात, आणि या पद्धतीतला सर्वांत मोलाचा विचार हाच आहे. कप्तान व चीफ ऑफिसर ही एक जोडी. चीफ इंजिनिअर व सेकंड इंजिनिअर ही दुसरी. दोघांचा मिळून कंपनीत दोन वर्षे, पदावर तीन वर्षे आणि त्या प्रकारच्या टँकरवर सहा वर्षे अनुभव असावा, अशा स्वरूपाचे आकडे वारंवार आढळतात. प्रत्येक तेल कंपनी आपले निकष स्वतः ठरवते व बदलते, त्यामुळे यांपैकी कोणताही आकडा सार्वत्रिक मानू नये. कनिष्ठ वॉच अधिकाऱ्यांसाठीही काही कंपन्या अशीच, पण सौम्य अट घालतात.

एका बदलीचे उदाहरण घेऊ. कप्तानाला बढती मिळून चार महिनेही झालेले नाहीत. पदावरील अनुभव ०.३. चीफ ऑफिसर मुरलेला आहे, त्याचा २.९. बेरीज ३.२, अट पुरी होते. पुढच्या बंदरात चीफ ऑफिसर घरी जायचा आहे आणि त्याच्या जागी येणाऱ्याचा अनुभव १.८. बेरीज २.१ होते आणि जहाज अडते. जहाज तेच असते, माल तोच, कप्तानही तोच. मग चालक कंपनीच्या मनुष्यबळ विभागात फोन सुरू होतात. सुट्टीवर नुकत्याच पोचलेल्या एखाद्या जुन्या चीफ ऑफिसरला परत बोलावले जाते, नाहीतर जाणाऱ्यालाच आणखी एक फेरी थांबवले जाते. तक्त्यात आकडा पुरा होतो तो कोणाच्या तरी घरच्या दिवसांतून, आणि थकव्यासाठी या तक्त्यात रकाना नाही. एक्सॉन व्हाल्डिझच्या अहवालात थकवा पहिल्या कारणांत होता हे लक्षात घेता ही उणीव गंभीर आहे.

बढतीचा परिणामही येथे दिसतो. दहा वर्षे टँकरवर काढलेला चीफ ऑफिसर कप्तान झाला की त्याचा पदावरील आकडा त्या दिवशी शून्य होतो. यावर रूढ झालेला उपाय म्हणजे नव्या कप्तानाबरोबर जुना चीफ ऑफिसर देणे आणि दोघांना एकाच बंदरात एकदम न बदलणे. हा उपाय शहाणपणाचा आहे. ब्रिजवर एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असते, ही जुनी रीत त्यामुळे नियमात आली.

टँकरचा प्रकार : तेल, रसायन आणि वायू असे स्थूल वर्ग केले जातात. पण एकाच वर्गात कामे फार वेगळी असू शकतात. कच्चे तेल वाहणाऱ्या अतिविशाल जहाजावर मालाचे प्रकार थोडे असतात; तेथे कौशल्य लागते ते कच्च्या तेलानेच टाक्या धुण्यात, इनर्ट गॅसचा (स्फोट टाळण्यासाठी टाक्यांत भरलेल्या निष्क्रिय वायूचा) दाब राखण्यात, भर समुद्रात दुसऱ्या जहाजाला लागून माल देण्यात आणि एवढे मोठे धूड वेळेवर थांबवण्यात. शुद्ध केलेले पदार्थ वाहणाऱ्या मध्यम टँकरवर एकाच फेरीत अनेक प्रतींचा माल असतो. पाइपलाइन वेगळ्या राखणे, टाक्या पुढच्या मालासाठी धुऊन कोरड्या करणे आणि थोड्या थोड्या दिवसांनी बंदरात शिरणे हे तिथले रोजचे काम. कच्च्या तेलाच्या जहाजावर दोन वर्षांत चीफ ऑफिसर जेवढ्या वेळा माल भरतो-उतरवतो, त्याहून अधिक वेळा लहान टँकरवरचा थोड्या महिन्यांत करतो. वर्षांऐवजी माल हाताळण्याच्या खेपा मोजाव्यात, या सूचनेला म्हणूनच बळ आहे; एसटीसीडब्ल्यू करारातील तीन भरण्या-तीन उतरवण्यांच्या अटीत तिचे बीज दिसते.

मर्यादा व नवे प्रवाह : वर्षे मोजून सवयी कळत नाहीत. फेब्रुवारी २००४ मध्ये बो मरिनर हे रसायनवाहू टँकर व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर स्फोट होऊन बुडाले आणि २७ पैकी २१ जण गेले. आधी एमटीबीई हा ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या २२ रिकाम्या टाक्या सफाईसाठी उघडण्याचा हुकूम कप्ताननेच दिला होता. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कंपनीची सुरक्षा कार्यपद्धती पाळली नाही आणि त्यांच्या धाकामुळे कनिष्ठांना बोलणे कठीण होते, हे अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशीत पुढे आले. येथे अनुभवी माणसाचा शब्द हाच धोका ठरला. चूक दाखवून देण्याची मुभा कनिष्ठाला आहे का, हे कोणत्याही दशांशात उतरत नाही.

स्वतंत्र टँकरमालकांच्या इंटरटँको या संघटनेने वर्षांच्या बेरजेला पूरक म्हणून टँकर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची मानके पुढे आणली. त्यांचा काळ २००८ च्या आसपासचा धरता येईल. २०१८ मध्ये इंटरटँको व ओसीआयएमएफ यांनी मिळून वर्तनविषयक क्षमता जोखण्याची मार्गदर्शिका काढली. संघभावना, संवाद, परिस्थितीचे भान आणि निर्णय यांसारख्या गोष्टी त्यात सिम्युलेटरवर किंवा कामावर पाहून जोखायच्या असतात. सप्टेंबर २०२४ पासून पूर्णतः लागू झालेल्या सायर २.० मध्ये निरीक्षक यंत्रे व कार्यपद्धती यांच्या बरोबरीने माणसाचा प्रतिसादही नोंदवतो. कार्गो कंट्रोल रूममध्ये तो चीफ ऑफिसरला प्रमाणपत्र मागून थांबत नाही. टाकी काठोकाठ भरत आली तर इशारा कोणत्या पातळीला वाजेल, तो वाजतो हे कसे तपासले आणि वाजला तर पहिला हात कशावर जाईल, हे तो करून दाखवायला सांगतो. त्या दोन-चार मिनिटांत जे कळते ते तक्त्यातून कळणे शक्य नव्हते. तक्ता तरीही राहिला आहे, कारण जहाज दूरच्या समुद्रात असताना भाडेकरू कंपनीला त्याच दिवशी होय किंवा नाही सांगायचे असते.

इतर कर्मचारी : इंजिन विभागासाठीही कप्तान-चीफ ऑफिसरप्रमाणेच जोडीची अट असते. वायुवाहू जहाजांवर गॅस इंजिनिअर आणि काही ठिकाणी इलेक्ट्रिकल अधिकारी यांची नोंदही पाहिली जाते. खलाशी वर्गाचा अनुभव या तक्त्यात येत नाही. बोसन (डेकवरील खलाशांचा मुकादम) आणि पंपमन (मालाचे पंप व झडपा सांभाळणारा) त्याबाहेर राहतात. वास्तविक जहाजावरच्या झडपा, त्यांतली कोणती जड फिरते व कोणती गळते, हे पंपमनला कित्येकदा अधिकाऱ्यांहून अधिक ठाऊक असते, कारण अधिकारी जहाजे बदलतात आणि तो वर्षानुवर्षे त्याच किंवा जुळ्या जहाजांवर परततो. कर्मचारी कमी केलेल्या अनेक टँकरांवर पंपमनचे पद आता उरलेले नाही आणि त्याचे काम चीफ ऑफिसरकडे गेले आहे.