बीआरटी, पीएमपी आणि बसच्या दारातल्या पायऱ्या: पुण्यातील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नगर रस्त्यावरील बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या वेगळ्या पट्ट्याचा, मोठा टप्पा गेल्या काही वर्षांत उखडला गेला आणि पुण्यातला जुना वाद पुन्हा रंगला. बसला वेगळा पट्टा द्यायचा, की तो मोडून सगळ्यांसाठी रस्ता रुंद करायचा? वाद वाहतूककोंडीचा वाटतो. मुळाशी गेले तर बस कोणाची, रस्ता कोणाचा आणि थांबा कोणाचा, हा प्रश्न या शहराने कधी एका टेबलावर बसून सोडवलाच नाही, असे दिसते.

1950 मध्ये पुणे महानगरपालिका झाली आणि शहराची बससेवा तिच्याकडे आली. हीच पीएमटी, जुने पुणेकर आजच्या बसलाही त्याच नावाने हाक मारतात. पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी 1974 पासूनची. कारखाने तिकडे आणि घरे इकडे असलेल्या माणसाची मात्र दोन स्वतंत्र कारभारांशी गाठ होती. 2007 मध्ये दोन्ही सेवा एकत्र करून पीएमपीएमएल (बोलण्यात पीएमपी) ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात पुणे महापालिकेचा वाटा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के. तिकिटातून न भागणारी संचलन तूटही त्याच प्रमाणात दोघींनी सोसायची. त्यामुळे दर अंदाजपत्रकात बस म्हणजे ‘तोटा’ एवढीच तिची ओळख उरते. उड्डाणपुलाचा तोटा कोणी काढत नाही, हा भाग वेगळा.

तोवर पुणेकराने आपली सोय आपण पाहिली होती. आकुर्डीत चेतक स्कूटर तयार होत होती आणि सायकलींचे शहर बघता बघता दुचाकींचे झाले. उपनगरे कात्रज, हडपसर, वाघोलीकडे पसरत गेली, पण बसच्या फेऱ्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. केंद्राच्या मापदंडात चांगल्या सेवेसाठी लाख लोकसंख्येमागे 60 बस धरल्या आहेत. पुण्याला तो आकडा कधी गाठता आला नाही.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. देशातला हा पहिलाच. त्याच वर्षी राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले होते, जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा योजनेचा निधी मिळणार होता आणि कोलंबियातील बोगोटा शहराच्या बससेवेचे दाखले दिले जात होते. बोगोटात मात्र पट्टा, स्थानक, बस आणि बसमध्ये चढण्यापूर्वीच घेतलेले तिकीट, हे सगळे मिळून एक यंत्रणा होती. आपण आधी काँक्रीटचा पट्टा ओतला. तिकीट वाहकाकडेच राहिले. पट्टा चौकात तुटायचा, पुढे पुन्हा सुरू व्हायचा. मोकळा दिसला की दुचाकीस्वार आत घुसायचे आणि वॉर्डन शिट्टी फुंकत राहायचे. थांबे रस्त्याच्या मधोमध, म्हणजे बस धरायला भरधाव गाड्यांतून वाट काढणे आले. अपघात झाले, आंदोलने झाली आणि ‘बीआरटी’ हा शब्दच बदनाम झाला. अहमदाबादने 2009 मध्ये ‘जनमार्ग’ ही आपली बीआरटी सुरू केली. तिथे बंदिस्त स्थानके पहिल्यापासून होती.

दुसरा प्रयत्न ‘रेनबो बीआरटी’चा. 2015 मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी-किवळे हे मार्ग सुरू झाले, पुढच्या वर्षी नगर रस्ता. दापोडी-निगडीचे काम सुरक्षेच्या प्रश्नावरून रेंगाळले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सेवा 2018 मध्ये सुरू झाली. पिंपरी-चिंचवडकडे रुंद रस्ते होते, म्हणून तिथे पट्टा बराच टिकला.

या टप्प्यात चढण्या-उतरण्याचा विचार पहिल्यांदा नीट झाला. स्थानकाचा फलाट बसच्या फरशीच्या उंचीचा, जमिनीपासून सुमारे 900 मिलिमीटर, आणि बसला उजव्या बाजूनेही दार. पायरी न चढता आत. गुडघे धरलेल्या आजीबाई, बाबागाडी घेतलेली आई, व्हीलचेअरवरचा विद्यार्थी, सगळ्यांना एकच वाट. पण ही पद्धत ‘खुली’ आहे. तीच बस पट्टा संपला की साध्या रस्त्याला लागते. तिथे डावे दार उघडते आणि उंच फरशीपासून रस्त्यापर्यंत पायऱ्या असतात. म्हणजे विश्रांतवाडीला सहज चढलेल्या व्हीलचेअरला मनपा भवनाशी उतरता येईलच असे नाही. स्थानकातही चालकाने बस फलाटाला अगदी खेटून लावली नाही, तर मध्ये वीतभर फट राहते आणि काठीने चाचपणाऱ्या अंध प्रवाशाला ती फट पायरीपेक्षा भयंकर.

कायदे होते. अपंग व्यक्तींसाठीचा 1995 चा कायदा, 2008 चे शहरी बसचे तांत्रिक निकष, 2015 चे सुगम्य भारत अभियान, 2016 चा अधिक कडक कायदा. साध्या थांब्यांसाठी 400 मिलिमीटर फरशीची लो-फ्लोअर बस आणि रॅम्प हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. मात्र अशी बस 900 मिलिमीटरच्या फलाटाशी लावली तर प्रवाशाला वरून खाली पाय टाकावा लागेल. बस आणि फलाट यांपैकी एकाची उंची ठरवताना दुसऱ्याची ठरतेच आणि ती पुढे बसच्या आयुष्यभर बदलत नाही.

2019 मध्ये विजेवरच्या बस आल्या, 2021 मध्ये पेठांमधून दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ आली. धूर कमी झाला, गल्लीबोळांत बस पोहोचली. पट्ट्याचा प्रश्न मात्र जिथल्या तिथेच राहिला, कारण तो पीएमपीच्या हातात नाही. पट्टा बांधणे आणि उखडणे महापालिकेकडे, त्यातली घुसखोरी रोखणे वाहतूक पोलिसांकडे आणि बस उशिरा आली की शिव्या खाणे वाहकाकडे. नगर रस्त्यावर बीआरटी काढण्याचा निर्णय झाला, तेव्हाही त्यातून रोज जाणाऱ्या प्रवाशांचा किती वेळ वाचत होता, हा हिशेब चर्चेत फारसा आला नाही. चर्चा झाली ती शेजारच्या लेनमधल्या मोटारींची.