कुब्रिकच्या मेणबत्त्या आणि एफ/०.७ चं गणित

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तो मेसेज फिरला, की माणूस चंद्रावर गेलाच नाही, ते सगळं स्टॅनली कुब्रिक नावाच्या डायरेक्टरनं स्टुडिओत शूट केलं आणि बक्षीस म्हणून नासानं त्याला आपली एक गुप्त लेन्स देऊन टाकली. मला राग दोन गोष्टींचा येतो. एक तर हे साफ खोटं आहे. आणि दुसरं म्हणजे त्या लेन्सची खरी गोष्ट या थापेपेक्षा कितीतरी भारी आहे, दहावीचं भिंगांचं प्रकरण थोडंफार आठवत असलं तरी कळेल अशी आहे, पण ती कोणी फॉरवर्ड करत नाही. म्हणून लिहितोय.

आधी माणूस कोण ते. जन्म २६ जुलै १९२८, न्यूयॉर्क. वडील डॉक्टर. पोराचं शाळेत लक्ष नाही म्हणून वडलांनी आधी बुद्धिबळ शिकवलं आणि तेराव्या वर्षी हातात कॅमेरा दिला. १९४५ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले तेव्हा मथळ्यांच्या गराड्यात खिन्न बसलेल्या पेपरवाल्याचा फोटो याने काढला आणि 'लुक' नावाच्या मासिकाला २५ डॉलरला विकला, तेव्हा वय सोळा. पुढे त्याच मासिकात फोटोग्राफरची नोकरी. सिनेमाचं शिक्षण असं काही घेतलं नाही, जे शिकला ते लेन्स हाताळून शिकला, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या सिनेमांचं मूळ तिथं आहे. १९५३ ते १९९९ मिळून पूर्ण लांबीचे सिनेमे फक्त तेरा. साठच्या दशकापासून इंग्लंडमध्येच राहिला आणि ७ मार्च १९९९ ला तिथंच गेला.

त्याची फ्रेम लगेच ओळखू येते. कॅमेरा बरोबर मधोमध, डावी-उजवी बाजू आरशात बघितल्यासारखी सारखी, सगळ्या रेषा लांबवर एका बिंदूत जाऊन मिळणार. '२००१: अ स्पेस ओडिसी' साठी (१९६८) तर त्याने ३८ फूट व्यासाचं फिरणारं चाकच बांधून घेतलं, नट खाली चालतोय आणि अख्खा सेट त्याच्याभोवती गोल फिरतोय. त्या सिनेमाच्या व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर हेच त्याच्या स्वतःच्या नावावरचं एकमेव ऑस्कर. त्यावर लिहायला दुसरा लेख लागेल. मला बोलायचंय ते १९७५ च्या 'बॅरी लिंडन' बद्दल.

गोष्ट अठराव्या शतकातल्या युरोपची. तेव्हा वीज नाही, रात्री घरात उजेड मेणबत्तीचा. सिनेमावाले अशा वेळी टेबलावर एक मेणबत्ती ठेवतात आणि मागून मोठे लाइट मारतात, बघणाऱ्याला वाटतं उजेड मेणबत्तीचाच आहे. कुब्रिकला ते नको होतं, त्याला खरंच मेणबत्त्यांच्या उजेडात शूट करायचं होतं. आता यात अडचण काय, तर उजेड पुरत नाही. पण किती पुरत नाही ते आकड्यात बघू, कारण सगळी मजा त्या आकड्यात आहे.

एका मेणबत्तीपासून एक मीटरवर साधारण १ लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड पडतो. अंतर निम्मं केलं की चौपट, म्हणजे अर्ध्या मीटरवर ४ लक्स (व्यस्त वर्गाचा नियम). आता फिल्मकडून बघा. सेकंदाला २४ फ्रेम, त्यात अर्धा वेळ शटर बंद, म्हणजे एका फ्रेमला १/४८ सेकंदच उजेड मिळतो. त्यांची कोडॅकची फिल्म १०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा), ती लॅबमध्ये जास्त डेव्हलप करून २०० सारखी वापरली. एवढं धरून हिशोब केला तर एफ/२.८ च्या लेन्सला (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उजेड घेते, खुलासा पुढं आहे) चेहऱ्यावर साधारण ४७० लक्स लागतात. म्हणजे अर्ध्या मीटरवर जवळपास १२० मेणबत्त्या. माणूस भाजून निघेल. आता हाच हिशोब एफ/०.७ ला करा, ३० लक्स! अर्ध्या मीटरवर सात-आठ मेणबत्त्या. जेवणाच्या टेबलावर तेवढ्या सहज मावतात.

हा एफ नंबर म्हणजे काय, तर भिंगाचं नाभीय अंतर भागिले उजेड आत येणाऱ्या भोकाचा व्यास. बस. खोलीची खिडकी समजा. खिडकी मोठी तर उजेड जास्त, आणि समोरची भिंत लांब तर तोच उजेड पसरून पातळ होतो, म्हणून एकट्या खिडकीचा आकार सांगून भागत नाही, भिंतीचं अंतरही सांगावं लागतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२.८ म्हणजे भोक जेमतेम १८ मिमी. एफ/०.७ म्हणजे ७१ मिमी, पाणी प्यायच्या पेल्याच्या तोंडाएवढं. व्यास चौपट, क्षेत्रफळ सोळापट, म्हणून उजेड सोळापट. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात पूर्ण उघडली तरी डोळा साधारण एफ/२ च्या आसपास असतो, म्हणजे ही लेन्स उजेड गोळा करण्यात माणसाच्या डोळ्याच्याही पुढे, आठ-नऊ पट.

मग कोणी विचारेल, एफ/०.१ का नाही बनवत? इथं जरा सावकाश वाचा. फिल्मवरच्या एका बिंदूवर उजेड शंकूच्या आकारात येऊन पडतो, टोक फिल्मवर आणि रुंद तोंड लेन्सकडे. लेन्समधले प्रतिमेचे दोष नीट काढलेले असतील तर एफ नंबर म्हणजे १ भागिले (२ गुणिले त्या शंकूच्या अर्ध्या कोनाचं साइन). साइन कधी १ च्या वर जात नाही, म्हणून हवेत एफ नंबर ०.५ च्या खाली जाऊच शकत नाही, कितीही पैसे टाका. ०.७ ला साइन येतं ०.७१, अर्धा कोन ४५ अंशांच्या जरा वर, पूर्ण शंकू काटकोनाएवढा उघडा! निसर्गाच्या भिंतीजवळ जाऊन उभी राहिलेली लेन्स आहे ही.

एवढा रुंद शंकू पाहिजे तर मागची काच फिल्मच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर आणावी लागते. आणि घोडं तिथं अडलं, कारण सिनेमाच्या कॅमेऱ्यात त्याच जागेत शटर फिरत असतं. ही ५० मिमी एफ/०.७ ची 'प्लानर' लेन्स जर्मनीच्या झाइस कंपनीनं १९६६ च्या सुमारास नासासाठी बनवली होती, अंतराळात अगदी कमी उजेडात फोटो काढायला. बनल्या फक्त दहा. सहा नासाला गेल्या, एक झाइसनं ठेवली, तीन कुब्रिकनं विकत घेतल्या. विकत, झाइसकडून, बक्षीस नाही. पण त्या फोटोच्या लेन्स होत्या, सिनेमाच्या कॅमेऱ्याला बसतच नव्हत्या. मग एड डीजुलिओ नावाच्या इंजिनिअरनं एका जुन्या मिचेल कॅमेऱ्याचा पुढचा भाग कापून, शटर सरकवून ती बसवली, आणि आधीच सांगून ठेवलं की या कॅमेऱ्याला यापुढे दुसरी कुठलीच लेन्स लागणार नाही. कुब्रिक म्हणाला चालेल.

आता त्याची किंमत. भोक जितकं मोठं तितकं फोकसमध्ये राहणारं अंतर कमी. दोन मीटरवर बसलेल्या माणसासाठी हिशोब करून बघितला तर एफ/०.७ ला जेमतेम साडेपाच सेंटिमीटर येतात. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर यापेक्षा जास्त असतं, डोळे स्वच्छ तर कान धूसर. नट हातभर पुढे झुकला की संपलं. म्हणून फोकस सांभाळणारा डग मिल्सम काय करायचा, तर एक व्हिडिओ कॅमेरा बाजूला, मुख्य कॅमेऱ्याशी काटकोनात लावायचा, त्याच्या स्क्रीनवर रेघा आखलेल्या, आणि नटाचं डोकं कुठल्या रेघेवर आहे ते बघून फोकस फिरवायचा. त्या सिनेमात पत्ते खेळणारी माणसं चित्रातल्यासारखी स्थिर बसलेली दिसतात. समीक्षक म्हणतात त्याला अठराव्या शतकातली चित्रं पडद्यावर आणायची होती, ते खरंच आहे, पण मला वाटतं त्या स्थिरपणात या साडेपाच सेंटिमीटरचाही मोठा वाटा आहे. जरा जोरात हसला असता तरी माणूस धूसर झाला असता.

रंगही तिथूनच येतो. मेणबत्तीची ज्योत पिवळी दिसते ती काजळीचे बारीक कण तापून चमकतात म्हणून, त्यांचं तापमान साधारण १९०० केल्विन. फिल्म मात्र ३२०० केल्विनच्या, म्हणजे त्याहून पांढऱ्या, स्टुडिओ लाइटसाठी बनवलेली. म्हणून चेहऱ्यांवर तो समईसारखा तांबूस-सोनेरी रंग उतरतो. झुंबरांच्या वर धातूचे पत्रे लावले होते, मेणबत्त्यांच्या आचेनं जुन्या वाड्यांची छतं खराब होऊ नयेत म्हणून, आणि वर जाणारा उजेडही त्यामुळे खाली परत यायचा.

आणखी एक गैरसमज: 'बॅरी लिंडन' मध्ये विजेचा एकही लाइट नाही असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. दिवसाच्या घरातल्या सीनना कॅमेरामन जॉन अल्कॉटनं खिडक्यांच्या बाहेर मोठे लाइट लावले होते आणि काचांवर ट्रेसिंग पेपर. मेणबत्त्यांचे सीन तेवढे खरे. त्याला कॅमेऱ्यासाठी ऑस्कर मिळालं ते योग्यच होतं, त्याला फुगवायची गरज नाही.

आता चंद्राकडे वळू, कारण वरचं गणित आलं की त्या मेसेजमधली हवाच जाते. चंद्रावर उतरले जुलै १९६९ ला, 'बॅरी लिंडन' चं शूटिंग सुरू झालं १९७३ ला. पण तारखा सोडा, उजेड बघा. चंद्रावर हवा नाही, थेट ऊन, लाख लक्सच्या वर. तिथं एफ/०.७ लावली तर फिल्म पांढरीफट्ट होईल. अंतराळवीरांच्या कॅमेऱ्याची लेन्स एफ/५.६ पासून सुरू व्हायची आणि शटर साधारण १/२५० सेकंद. "फोटोत तारे का नाहीत" हा नेहमीचा प्रश्नही इथंच सुटतो, एवढ्या कमी उजेड घेणाऱ्या सेटिंगला तारे उमटतच नाहीत, रात्री हॅलोजनखाली उभं राहून फोनने फोटो काढा, तारे दिसणार नाहीत. आणि कुब्रिकवाले जे व्हिडिओ फिरतात त्यातले बरेच तुकडे २००२ च्या एका फ्रेंच फिल्ममधले आहेत, ती मुद्दाम बनावट माहितीपट म्हणून केलेली होती आणि शेवटी तसं उघडही केलेलं आहे. तेवढा शेवट कापून पुढं पाठवायचं, हा लोकांच्या विश्वासाशी खेळ आहे आणि चंद्रमोहिमेसाठी चार लाख माणसांनी केलेल्या कामाचा अपमान.

आज ती लेन्स लागेल का? आजचा चांगला डिजिटल कॅमेरा ३२०० आयएसओला (म्हणजे वरच्या एएसएचाच आकडा) आरामात चालतो. २०० च्या सोळापट. म्हणजे कुब्रिकनं भोक मोठं करून जे सोळापट कमावलं ते सेन्सर आता फुकट देतो, आणि साधी एफ/२.८ ची लेन्स घेऊन त्याच सात-आठ मेणबत्त्यांत शूट करता येतं. फक्त फोकसचं अंतर साडेपाचच्या जागी बावीस सेंटिमीटर होतं, कान स्वच्छ दिसतात, मागचा माणूसही बऱ्यापैकी ओळखू येतो, आणि नटाला मान हलवता येते.