एका पॉवर सर्व्हरची रॅम सगळ्या पार्टिशनमध्ये वाटून वापरायची असेल तर

नागपुरात बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी, सदर, सगळीकडून आमच्या आयबीएम पॉवर सर्व्हरवाल्या ग्राहकांचं रडगाणं एकच, चार एलपार (एकाच मशीनचे स्वतंत्र पार्टिशन, जणू वेगवेगळे सर्व्हर) केले, प्रत्येकाला रॅम देऊन टाकली, आता पाचवा टाकायचाय तर रॅमच उरली नाही, आणि पाहायला गेलं तर आधीच्या चारपैकी दोन दिवसभर नुसते बसून राहिलेत. रॅमची ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचून घ्या. (रॅम आम्हीच विकतो, तरी सांगून राहिलो.)

आयबीएमने २००९ मध्ये पॉवर६ मशीनसाठी अ‍ॅक्टिव्ह मेमरी शेअरिंग आणलं, पॉवरव्हीएम या त्यांच्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरच्या एंटरप्राइझ एडिशनमध्ये. यात रॅमचा एक सामायिक पूल करायचा आणि एलपार त्याच्यावर सोडायचे. समजा पूल ३२ जीबीचा आहे, त्यावर रिपोर्टवाला १६, वेबवाला १२, टेस्ट १२ आणि ट्रेनिंग ८, म्हणजे कागदावर ४८ जीबी वाटली, जी जागेवर नाहीच. तरी चालतं, कारण हायपरवायजर (पार्टिशन सांभाळणारं मशीनमधलं सॉफ्टवेअर) ज्याला लागेल त्याला खरी रॅम देतो आणि जो रिकामा आहे त्याच्याकडून परत मागतो. एआयएक्स (एलपारमध्ये चालणारी आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टिम) अशा वेळी शक्यतो फाइल कॅशमधली पानं (रॅमचे छोटे तुकडे) उधार देतं, त्यात फारसं दुखत नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर मात्र हायपरवायजर स्वतःच पानं काढून घेतो आणि पेजिंग डिस्कवर लिहून ठेवतो, आणि ते पान परत लागलं की एलपार डिस्कची वाट पाहत बसतो. युजरचा फोन येतो तो इथे.

म्हणून आमचा पहिला प्रश्न किती जीबी हा नसतोच, कोणाचा लोड केव्हा असतो हा असतो. मे महिन्यात फ्लॅट स्कीममधले सगळे कूलर दुपारी २ ला एकदम चालू होतात, तेव्हा ट्रान्सफॉर्मरला सरासरी लोड विचारून काय उपयोग? तसंच, रिपोर्ट रात्री चालतात, ट्रेनिंग सकाळी, टेस्ट दुपारी, असं असेल तर शेअरिंग मस्त चालतं, पण पगार, महिनाअखेरचे रिपोर्ट आणि बॅकअप एकाच रात्री येत असतील तर पूल त्या रात्रीच्या बेरजेवर ठरवा, आणि आकडे घेताना महिनाअखेर आणि २० तारखेच्या आसपासचे जीएसटी ३बी रिटर्नचे दिवस सोडू नका, मधल्या एखाद्या निवांत मंगळवारचे आकडे पाठवले की प्लॅनिंग हमखास चुकतं.

प्रॉडक्शन डेटाबेस आम्ही पूलमध्ये टाकत नाही, त्याला डेडिकेटेड रॅमच. डेटाबेस मिळेल तेवढी मेमरी धरून बसतो आणि उधार द्यायला त्याच्याकडे काही राहत नाही. टाकता येतो, नाही असं नाही, पण आमच्या जबाबदारीवर नाही.

पूलमधल्या एलपारला प्रोसेसर शेअर्ड असावा लागतो आणि आयओ (डिस्क-नेटवर्कची ये-जा) पूर्ण व्हर्च्युअल, म्हणजे सरळ जोडलेलं फिजिकल अडॅप्टर चालत नाही. व्हीआयओएसला (बाकी एलपारना डिस्क-नेटवर्क पुरवणारं खास पार्टिशन) स्वतःला मात्र डेडिकेटेड मेमरीच लागते. आणि डेडिकेटेडवरून शेअर्डवर जायला एलपार बंद करून परत चालू करावा लागतो, चालत्या गाडीत होत नाही, तेव्हा रविवारचा वेळ काढून ठेवा.

आता पेजिंग डिस्क, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. चालू असलेल्या प्रत्येक शेअर्ड एलपारला स्वतःचं एक पेजिंग डिव्हाइस लागतं आणि त्याची साइज एलपारच्या मॅक्सिमम मेमरीएवढी तरी पाहिजे, डिझायर्डएवढी (नेहमीसाठी ठरवलेली) नाही, मॅक्सिममएवढी. ट्रेनिंगच्या ८ जीबीच्या एलपारला कोणी ‘पुढं लागेल’ म्हणून मॅक्सिमम ६४ टाकून ठेवलं की ६४ जीबीचं लन (स्टोरेजवरची डिस्क) अडकलं. आयबीएम आय या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी याहून थोडी जास्त जागा धरा. लन फास्ट डिस्कवर घ्या, डेटाबेसच्या डिस्कवर तर अजिबात नको, नाहीतर रॅम कमी पडली की दोघंही एकमेकांच्या पायात येतात. शक्य असेल तर पेजिंगसाठी दोन व्हीआयओएस द्या आणि लन सॅनवर (सामायिक स्टोरेज नेटवर्कवर) दोघांनाही दिसेल असं ठेवा, कारण एकच असेल आणि तो पॅच करायला खाली घेतला तर त्यावरचे शेअर्ड एलपार आधी बंद करावे लागतात.

प्रत्येक शेअर्ड एलपारचं मेमरी वेट ० ते २५५ असतं, डिफॉल्ट १२८. त्यानं ओढाताणीत कोणाला झुकतं माप द्यायचं तेवढं ठरतं, रॅमची गॅरंटी मिळत नाही. सगळ्यांना २५५ दिलं तर काही दिलंच नाही समजा. आयओ एंटायटल्ड मेमरी (आयओसाठी राखून ठेवलेली रॅम) ऑटोवरच राहू द्या.

चालू झाल्यावर एआयएक्सवर ‘एलपारस्टॅट -एम’ ही कमांड लावून ‘एचपीआय’चा कॉलम बघा, हायपरवायजरला डिस्कवरून किती वेळा पानं परत आणावी लागली ते तिथं दिसतं, आणि त्यात वेळ किती गेला ते शेजारच्या ‘एचपीआयटी’त. कधीमधी थोडे आकडे आले तर घाबरू नका. कामाच्या वेळेत सतत वाढत असेल तर आधी एखादा एलपार पूलबाहेर काढू, मग रॅमचं बोलू. नवीन मशीन घेत असाल तर कोटेशनच्या आधीच आम्हाला विचारा, त्या मॉडेलवर हे फीचर मिळतं का ते बघूनच पूलचा आकडा देऊ.